चौकस, भोचक की आणखी काही? आत्यासाठी शब्द हवाय

मंडळी, जरा मदत करा. माझी आत्या गेली त्याला दोन आठवडे झाले, ९१ वर्षांची होती. रामकुंडावर दहावा करून आलो आणि आता पेपरात श्रद्धांजली द्यायचीय तर मजकुरावरून घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात नेहमीचंच टाका, 'प्रेमळ, धार्मिक व मनमिळाऊ'. आता धार्मिक म्हणाल तर आत्या गंगेवर (बाहेरच्यांसाठी : नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) जायची ती पूर आला की, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलंय ते बघायला. मनमिळाऊ तर नव्हतीच, उगाच कशाला खोटं बोला.

मी 'चौकस' सुचवला तर चुलतभाऊ हसायलाच लागला, म्हणे लोकांना वाटेल भोचक भवानी होती. मला हे पटत नाहीये. हिंदीत चौकस म्हणजे सावध, गुजरातीत चोक्कस म्हणजे नक्की, आणि मराठीत आला की तोच शब्द प्रश्न विचारायला लागतो, मस्तच आहे की. पण 'चौकशी' म्हटलं की खात्याची नाहीतर पोलिसाची आठवते, तो वास चौकसला पण लागलाय का?

प्रतिसाद : जिज्ञासू लिहा ना. ज्ञा धातूपासून, 'जाणायची इच्छा असलेला'. मुमुक्षू, पिपासू त्याच घरातले.

प्रतिसाद : जिज्ञासू म्हटलं की कोणीतरी गुरुजींपुढे मांडी घालून बसलंय असं दिसतं. व्यासंगी बघा, भारदस्त आहे.

मी : व्यासंगीला एक विषय धरून बसावं लागतं हो. आत्या सावानातून (सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं आपलं) एकदा मधमाश्या आणायची, पुढच्या वेळी पेशवाईतले हिशेब, मग होमिओपॅथी, ते वाचून त्याच्याशीच भांडायची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झाली आणि मग मुक्त विद्यापीठातून बीए केलं, का तर म्हणे आता वेळ आहे. जिज्ञासू अर्थाने बरोबर आहे पण ती असा शब्द स्वतःबद्दल ऐकून उठून गेली असती.

प्रतिसाद : चौकस माणूस गोष्टीबद्दल विचारतो, भोचक माणसांबद्दल. 'हे कसं चालतं' हे चौकस, 'हिचं का मोडलं' हे भोचक. इतकं सोपंय.

मी : इतकं सोपं नाहीये ना! आत्या भाजीवालीला पण विचारायची, गाळ्याचं भाडं किती, माल पिंपळगावचा का दिंडोरीचा, नवरा काय करतो. ते सगळं डायरीत लिहायची सुद्धा. हेच काकांनी केलं की लोक म्हणतात माणूस अभ्यासू आहे. भोचकला भवानीच का चिकटली, भोचक भवानराव कोणी ऐकलाय का?

प्रतिसाद : लग्न केलं नव्हतं का त्यांनी? मग 'एकटी' टाळा, लगेच मागे 'बिचारी' येते. पुरुषाला सडाफटिंग म्हणतात त्यात कसा मोकळा वारा आहे, बाईसाठी त्याचं रूपच नाही. एकांडी शिलेदार चालेल का? शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा.

मी : हे भारी आहे!! तिची लुना होती, ७२ वर्षांची होईपर्यंत चालवली, आणि कोणाला चालवायला द्यायची नाही. पण पेपरात शिलेदार लिहिलं तर काका मला घराबाहेर काढतील.

एक सांगायचं राहिलं. पंधराएक वर्षांपूर्वी तिने मला पांडवलेण्याला नेलं होतं, तेव्हा ती ब्राह्मी लिपी शिकत होती. इतक्या पायऱ्या चढून वर गेलो, तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई ती. लेखाचा बराचसा भाग मुलाच्या पराक्रमाचाच आहे. आत्या हातातल्या झेरॉक्सवर बोट ठेवत ठेवत एकेक अक्षर लावत होती, मधेच थांबली आणि म्हणाली, बलश्रीबाईंबद्दल काय लिहिलंय बघ, सत्य बोलणारी, दान करणारी, क्षमाशील, व्रतं उपवास करणारी. 'एकोणीसशे वर्षं झाली, बायकांचा मजकूर तोच चाललाय.' आणि पाण्याची बाटली मागितली. त्यामुळे आता 'प्रेमळ, धार्मिक' छापायला माझा हात धजत नाही हो.

प्रतिसाद : मग झालं की. चौकसच द्या. शब्दाला वास लागला असेल तर वापरूनच जाईल.

मी (अपडेट) : दिलं. 'स्वतंत्र बाण्याच्या व चौकस'. काकांनी माझ्या नकळत शेवटी मनमिळाऊ घुसवलंच, असो. सकाळीच तिच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा फोन आला, म्हणाल्या चौकस लिहिलंत ते बरं केलंत, आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती बसतं ते तुमच्या आत्यानेच वर चढून टेप लावून काढलं होतं, आम्हाला सांगितलेलं त्याच्यापेक्षा नऊशे लिटर कमी निघालं.