स्प्रे रंगकामासाठी मास्क: एन-९५ लावूनही डोकं धरतं, मदत हवी आहे

बाबांची जुनी सायकल रंगवायला काढली आहे. पॉलिश पेपरने गंज उतरवला, प्रायमर झाला, आता गच्चीवर टाकीच्या आडोशाला कॉम्प्रेसर लावून निळ्या रंगाचे हात देतोय. कोरोनातले एन-९५ उरले होते, तेच वापरतो. तरीही खाली आलो की डोकं ठणकतं आणि दुपारपर्यंत घशात थिनरची चव राहते. परवा मास्क काढून नीट पाहिला. बाहेरून निळे ठिपकेच ठिपके, आतून पांढरा स्वच्छ. म्हणजे रंग अडतोय आणि वास बिनधास्त आत येतोय.

हार्डवेअरवाल्याने ‘सगळे हाच नेतात’ म्हणून दोन व्हॉल्व्हचा कापडी मास्क गळ्यात मारला. त्यानेही फरक नाही.

जाणकारांनी सांगावं, नक्की कुठला मास्क घेऊ? मला पूर्ण दाढी आहे, ती काढावीच लागेल का? आणि महिन्यातून दोन रविवार वापरला तर मास्कला लावायचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) किती चालतं? घरात सव्वा वर्षाची मुलगी आहे, त्यामुळे यात हयगय करायची नाही.

प्रतिसाद:
दादा, मी गाड्यांच्या रंगकामात आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. एन-९५ कण अडवतो, थिनरमधल्या टोल्यूइनसारख्या द्रावकांची वाफ नाही. त्यासाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं. रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क आपल्या मापाचा घ्या. कार्ट्रिजवर ‘ऑरगॅनिक व्हेपर’ लिहिलेलं हवं, युरोपीय खुणांचं असेल तर तपकिरी पट्टा आणि ए१ किंवा ए२. त्याच्यापुढे कणांचा प्रीफिल्टर हवाच. मास्क आणि कार्ट्रिज एकाच कंपनीचं घ्या.

या मास्कसाठी दाढी काढावी लागेल, याला पर्याय नाही. रबराची कड जिथे टेकते तिथे केस असले की हवा तिथूनच शिरते. मिशी कडेच्या आत राहत असेल तर चालेल. दर वेळी कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास ओढा, मास्क गालांना चिकटून बसला पाहिजे. मग खालच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून हलकेच फुंका, कडेने हवा सुटता कामा नये.

कार्ट्रिज किती रविवार चालेल ते आकड्यात सांगता येत नाही. पाकीट फोडलं की मास्क खुंटीला टांगलेला असला तरी कोळसा हवेतलं शोषत राहतो, पावसाळी दमटपणात तर लवकर संपतो. म्हणून काम झालं की लगेच झिपच्या पिशवीत बंद करा आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहा. आत वास आला तर त्याच क्षणी काम थांबवून कार्ट्रिज बदला, पण वास येईपर्यंत ताणू नका. श्वास ओढायला जड जायला लागला तर प्रीफिल्टर भरलाय.

मास्क धुताना कार्ट्रिज काढून ठेवा. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे, थिनर कधीच लावू नका, रबर खराब होतं. श्वास बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हची पातळ चकती बघत जा. तिच्याखाली रंगाचा कण बसला की झडप मिटत नाही.

एक कळकळीने सांगतो. हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळायचा टू-के रंग या मास्कवर मारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाचा वास धोक्याची पातळी ओलांडली तरी कळत नाही, आणि दमा जडला तर कायमचा. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. दाढी उद्याच काढतो. तुमचं वाचून आणून ठेवलेला क्लिअर कोट (रंगावर मारायचा पारदर्शक थर) उघडून पाहिला, तर खोक्यात हार्डनरची छोटी बाटली निघाली. तो उद्या दुकानात परत करतो. हार्डनर न लागणारा, पण उन्हापावसात टिकेल असा क्लिअर मिळतो का?