'चांगला' शेरा आणि अडलेली बढती

'गुणवत्तेवर बढती म्हणजे साहेबाची मर्जी, त्यापेक्षा निव्वळ सेवाज्येष्ठता बरी' हे सरकारी नोकरीतल्या बढतीबद्दल मांडलं जाणारं म्हणणं मला अर्धंच पटतं. मर्जी चालते ती वरिष्ठांनी कामाच्या वार्षिक अहवालात दिलेले शेरे झाकून ठेवल्यामुळे.

देव दत्त यांचा खटला आठवा. सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षं 'अति उत्तम' शेरा हवा होता. त्यांना एका वर्षी, १९९३-९४ ला, नुसता 'चांगला' मिळाला आणि तेवढ्यावर नाव मागे पडलं. तो शेरा प्रतिकूल नाही म्हणून कळवलाच नव्हता! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा कुठलाही असो, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही तेच उचलून धरलं.

केंद्र सरकारच्या नोकरीत २००९ पासून हा वार्षिक अहवाल पूर्ण हातात मिळतो आणि त्यावर म्हणणं मांडायला पंधरा दिवस असतात. पण आमच्याच कार्यालयात लोक प्रतीवर 'मिळाली' अशी सही करून ती ड्रॉवरमध्ये टाकायचे, मीही तसंच केलं. बढतीच्या वर्षी अहवालात कामाला दिलेला अंक पाहिला तेव्हा मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणून नव्यांना कळकळीने सांगतो, अहवाल आला त्याच दिवशी वाचा. अंक कमी वाटला तर त्या वर्षीची कामं, तारखा, आदेश क्रमांक जोडून लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं 'अन्याय झाला' असं लिहून उपयोग होत नाही. स्वयंमूल्यमापनाचा रकाना तर कधीच दोन ओळींत उरकू नका.