अँग्राचा 'सायकल्स ऑफ पेन': मातोस नाही, किको नाही. तरी हा अँग्राच आहे का?

दर्यावर्दी

3 नोव्हेंबर 2023 ला अँग्रा या ब्राझीलच्या मेटल बँडचा दहावा अल्बम, 'सायकल्स ऑफ पेन', आला. तेव्हापासून लोकलमध्ये जाता-येता कानाला दुसरं काही लावलेलं नाही. आमच्या मेटलवाल्या मित्रांत मात्र यावरून चांगलीच जुंपलीय. एक जण तर म्हणाला, "मातोस गेला तेव्हाच अँग्रा संपला, आता उरलंय ते राफाएलचं दुकान." मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा बँड ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1991, साव पावलो. आंद्रे मातोस हा गायक आणि राफाएल बितेनकूर हा गिटारवादक, दोघंही शास्त्रशुद्ध संगीत शिकणारी पोरं. पहिल्याच अल्बमची, 'एंजल्स क्राय'ची (1993), सुरुवात शूबर्टच्या अपुऱ्या सिम्फनीने होते. 1996 चा 'होली लँड' म्हणजे पोर्तुगीज जहाजं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली त्या काळाचं गाणं. 2000 साली मातोस, बेसवाला मारियुत्ती आणि ड्रमर कॉन्फेसोरी असे तिघं एकदम बाहेर पडले. उरले राफाएल आणि दुसरा गिटारवाला किको लौरेइरो. त्यांनी एदू फालास्कीला गायक म्हणून घेतलं, बेसवर फेलिपे आंद्रेओली आणि ड्रम्सवर अकिलेस प्रीस्टर आले, आणि 2001 मध्ये 'रिबर्थ' काढला. एदू 2012 ला गेला आणि त्याच्या जागी इटलीचा फाबियो लिओने आला. 2015 मध्ये किको मेगाडेथ या अमेरिकन बँडमध्ये गेला, त्याची गिटार मार्सेलो बार्बोझाकडे आली. ड्रम्स आता ब्रूनो वाल्वेर्देकडे. म्हणजे 1991 पासूनचा एकटा राफाएल उरला.

आता माझं म्हणणं. अँग्रा म्हणजे अमुक एक गळा नव्हे. वेगवान युरोपीय मेटल आणि ब्राझीलची माती एकाच गाण्यात नांदवायची, हा या बँडने पहिल्या दिवसापासून घेतलेला वसा आहे. तो चालू आहे तोवर नाव खरं. नव्या अल्बममधलं 'वीदा सेका' ऐका. वीदा सेका म्हणजे कोरडं आयुष्य. सुरुवातीला ब्राझीलमधल्या रेसिफेचा गायक लेनीने पोर्तुगीजमध्ये गातो. आवाज पिकलेला, थोडा खरखरीत, ओसरीवर बसलेला माणूस स्वतःशीच गुणगुणतोय असा. मग गिटारी कोसळतात आणि लिओने इंग्रजीत ते गाणं हातात घेतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादर आलं आणि गेलं, मला उतरायचंच सुचलं नाही. असं गाणं जगात दुसरा कुठला बँड करणार आहे?

जुनी_कॅसेट

वसा वगैरे ठीक आहे रे, पण गाणं आपल्यापर्यंत येतं ते गळ्यातूनच ना?

'एंजल्स क्राय'वर मातोसने केट बुशचं 'वदरिंग हाइट्स' गायलंय. एका बाईने गायलेलं, तेही इतक्या उंच पट्टीतलं गाणं विशीतला मेटल गायक उचलतो आणि त्यात कुठे नखरा नाही, चेष्टा नाही. ती हिंमत त्या माणसाची होती. 'होली लँड'मधलं 'कॅरोलिना फोर' घे. साडेदहा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला तालवाद्यं आणि सामुदायिक गाणं, बंदरात जहाज सुटताना माणसं जमावीत तसं. मग वेग, मधे पियानो आणि तंतुवाद्यांची शांतता, मग पुन्हा वेग. इतक्या वळणांवर ते गाणं फुटत नाही, कारण एक आवाज ते सगळं धरून ठेवतो. लिओने तयारीचा गायक आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो राप्सडी या इटालियन मेटल बँडमधून आला तो भरदार, छाती पुढे काढून गाणारा आवाज घेऊनच. मातोसच्या आवाजात एक हळवेपणा होता, आता तुटेल की काय असं वाटायला लावणारा. त्यानेच तर काळजात घर केलं.

8 जून 2019 ला मातोस गेला. 47 वर्षांचा होता. त्या रात्री मी 'होली लँड' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. शेवटच्या गाण्यात समुद्राचा आवाज आहे, तो संपल्यावरही बराच वेळ दिवा लावला नाही. नव्या अल्बमवर अँग्रा हेच नाव छापलेलं पाहिलं की मला ती रात्र आठवते. तुम्ही कराल ते उत्तम करा, पण नवीन नावाने करा. मातोसने बाहेर पडल्यावर 'शामान' हा बँड काढलाच की, स्वतःच्या हिमतीवर.

दर्यावर्दी

मातोसबद्दल तू लिहिलंस त्यातला एक शब्द मी खोडणार नाही. पण जरा हिशेब बघ. मातोस 1991 ते 2000, तीन अल्बम. एदू जवळपास अकरा वर्षं, चार अल्बम. लिओनेला दहा वर्षं होऊन गेली आणि हा त्याचा तिसरा. ज्याला आपण अजून 'नवा गायक' म्हणतो तो मातोसपेक्षा जास्त काळ या बँडमध्ये राहिला.

डबलबेस_पुणे

ड्रमर आहे, म्हणून ड्रमरच्या बाजूने बोलतो.

'मूळ लाइनअप, मूळ लाइनअप' असं सगळे म्हणतात. पण 'एंजल्स क्राय' हॅम्बुर्गला काई हान्सेन या जर्मन मेटल गिटारवाल्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आणि त्यावरचे ड्रम्स जवळजवळ सगळे अलेक्स होल्झवार्थ या जर्मन ड्रमरने वाजवलेत. बँडचा ड्रमर तेव्हा सुटला होता आणि कॉन्फेसोरी नंतर आला. म्हणजे ज्याला आपण देवघरात ठेवतो त्या पहिल्या अल्बमवरच बाहेरचा माणूस बसलाय. पुढे हाच होल्झवार्थ राप्सडीत गेला आणि लिओनेच्या मागे वर्षानुवर्षं वाजवत राहिला. ही माणसं एकमेकांना परकी नाहीत.

आणि बदलामुळे काय मिळालं तेही बोला. 2001 ची लाइनअप आली नसती तर प्रीस्टर मिळाला नसता. मी डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवणं, शिकलो ते 'रिबर्थ'मधल्या 'नोव्हा एरा'वर. सिंहगड रोडला एक तळघर तासावर मिळायचं, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. आधी निम्म्या वेगाने, मग मिनिटाला पाच-पाच ठोके वाढवत. चौथ्या मिनिटाला उजव्या पोटरीत गोळा यायचा आणि पाय पेडलवर नुसता पडायचा. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा पूर्ण गाणं निघालं तेव्हा तिथल्या चहावाल्या पोराने आत येऊन टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्यासाठी अँग्रा तिथे सुरू झाला. मला कुणी सांगितलं की खरा अँग्रा 2000 ला संपला, तर माझे ते अडीच महिने कशात धरायचे?

वाल्वेर्देबद्दल एवढंच: नव्या अल्बमवर 'राइड इन्टू द स्टॉर्म' ऐका. वेग आहेच, पण हायहॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांवर, काय चाललंय तिकडे कान द्या. मेटलचे ड्रमर सहसा तिकडे लक्षच देत नाहीत.

षड्ज_पंचम

मेटल फार ऐकत नाही, भाचा ऐकतो, त्याच्यामुळे इथे आलो. धागाकर्ते जे म्हणतायत तो घराण्याचा मुद्दा झाला: गवई बदलतात, गायकी राहते. म्हणून एक शंका.

जयपूर-अत्रौलीत अल्लादियाखाँसाहेबांनंतर केसरबाई झाल्या, मोगूबाई झाल्या, मोगूबाईंकडून किशोरीताई. प्रत्येकीचा गळा वेगळा, पण प्रत्येक जण आधीच्या पिढीसमोर वर्षानुवर्षं बसली. तालीम झाली. लिओने मातोससमोर कधी बसला होता का? नसेल, तर याला घराणं कसं म्हणायचं? नाव चालवणं आणि गायकी चालवणं यांत फरक आहे.

दर्यावर्दी

षड्जकाका, प्रश्न बिनतोड आहे. माझं उत्तर असं की इथे तालीम गळ्यातून गळ्यात गेली नाही, ती राफाएलच्या हातातून गेली. तो पहिल्या दिवसापासून तिथे आहे, गाणी लिहितो, 'सीक्रेट गार्डन' या अल्बमवर काही गाणी तर त्याने स्वतः गायली. नवा माणूस आला की तो राफाएलसमोर बसतो. बंदिशी त्याच्याजवळ आहेत.

मांडवीकाठ

मी म्हापशाची. आमच्या घरात आजी पोर्तुगीज बोलायची, मला निम्मंअर्धं कळतं. म्हणून 'होली लँड' माझ्यासाठी नुसता मेटल अल्बम नाही.

पोर्तुगीज खलाशी काब्राल 1500 साली 13 जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला तो ब्राझीलला जायला नव्हे, कालिकतला यायला. वाटेत एप्रिलमध्ये ब्राझीलचा किनारा लागला आणि तिथून पुढे तो इकडेच आला. दहा वर्षांनी गोवा पडला. मातोस ज्या जहाजांवर गातो ती आमच्या दिशेने निघालेली जहाजं आहेत. अल्बमची सुरुवात कशाने होते आठवतं? पालेस्त्रीनाने. चर्चमधलं सोळाव्या शतकातलं समूहगान, आणि त्याच्यावर वादळाची गाज. मी लहानपणी चर्चच्या क्वायरमध्ये अल्टो गायचे. सर आम्हाला ओठ न हलवता नुसतं ऐकायला लावायचे, शेजारणीचा श्वास कुठे पडतो ते. पहिल्यांदा ते 'क्रॉसिंग' लावलं तेव्हा मी आपोआप श्वास रोखून उभी राहिले. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी तोच वारसा उचलला होता, आणि तो कुणाचा, कसा आला, हे विचारत होते.

आता वादाचं बोलते. दर्यावर्दी, 'वीदा सेका' सुंदर आहे. पण नीट बघ, त्यात ब्राझील कोण आणतं? पाहुणा. लेनीने येतो, पोर्तुगीजमध्ये गातो आणि दार उघडून देतो. मुख्य गायक इटालियन, म्हणून माती बाहेरून मागवावी लागली. 'होली लँड'मध्ये तसं नव्हतं. तिथे इंग्रजीत गाणाऱ्या गळ्यातच ब्राझील होता. ही उणीव मला टोचते.

दर्यावर्दी

ताई, काब्रालचा मुद्दा मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. आज परत ऐकणार.

पण पाहुण्याच्या मुद्द्यावर वाद घालतो. 2004 चा 'टेम्पल ऑफ शॅडोज' आठव. धर्मयुद्धात गेलेल्या योद्ध्याची कथा, आणि शेवटाकडे 'लेट रिडेम्प्शन'मध्ये मिल्टन नासिमेंतो पोर्तुगीजमध्ये गातो. तेव्हा तर गायक एदू होता, अस्सल ब्राझीलचा. तरी मिल्टनला बोलावलंच. म्हणजे पाहुणा बोलावणं ही उणीव भरणं नव्हे, ती यांची जुनी रीत आहे. आपल्या देशातला मोठा गवई घरी बोलवायचा आणि त्याला मधल्या पाटावर बसवायचं.

चेंबूरचा_गिटारवाला

तुम्ही दोन्ही बाजू मिळून एक गोष्ट गृहीत धरताय, तिला माझा कडाडून विरोध आहे. ब्राझीलच्या बँडमध्ये ब्राझील 'ऐकू आला' पाहिजे, असं का?

आम्ही मुंबईत डेथ मेटल वाजवायचो. बाहेरच्या एका आयोजकाला गाणी पाठवली तर उत्तर आलं, छान आहे, पण यात भारत कुठे आहे, एखादी सतार टाका. आमच्यातला एकही जण सतारीच्या जवळून गेलेला नव्हता. आम्ही चाळीत वाढलो, खाली मिक्सर चालायचा, वर ट्रक, आमचं गाणं त्या आवाजाचं होतं. तोही भारतच होता. ती मेल वाचून आमचा बेसवाला दोन दिवस कुणाशी बोलला नाही. नॉर्वेच्या, जर्मनीच्या बँडला कुणी म्हणत नाही की तुमचं लोकसंगीत दाखवा तरच अस्सल.

म्हणून मला नव्या अल्बममधलं 'टिअर्स ऑफ ब्लड' आवडतं. लिओने आणि गायिका अमांडा समरव्हिल, सरळ ऑपेरा. मातीचा पुरावा नाही, परवाना नाही. साव पावलो हे प्रचंड शहर आहे, तिथे इटलीहून आलेल्यांचे नातू-पणतू लाखांनी राहतात. तिथल्या बँडने इटालियन गायक घेणं ही साव पावलोचीच गोष्ट झाली की.

राहिला माणसं बदलण्याचा प्रश्न. आपल्या मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड 2000 पासून आहे, साहिल मखिजा सोडला तर सगळे बदलले. 2017 चा 'दशावतार' अल्बम त्यांचाच म्हणून आपण ऐकला ना? मग राफाएललाच वेगळा न्याय का?

जुनी_कॅसेट

कारण साहिल स्वतः गातो. गळा बदलला नाही. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

सतारीबद्दल बोललास ते खरं आहे, मनापासून पटलं. पण अँग्राला ती अट बाहेरच्याने घातली नव्हती, ती त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली. 1996 ला ब्राझीलच्याच सेपुल्तुरा या मेटल बँडने 'रूट्स' काढला, शावांते आदिवासींच्या वस्तीवर जाऊन त्यांच्यासोबत गाणं रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी 'होली लँड' आला. एकाच देशातून एकाच वर्षी दोन बँड स्वतःला विचारत होते की आम्ही कोण. आणि बघा, त्याच वर्षाच्या अखेरीस गायक मॅक्स कावालेरा सेपुल्तुरातून बाहेर पडला. त्याच्या जागी डेरिक ग्रीन 25 वर्षांहून जास्त गायला, मी त्याला मान देतो, त्याच्या काळातला 'क्वाड्रा' तर आवडीने ऐकतो. तरीही 'रूट्स' लावला की फरक कळतो. कौशल्याचा नव्हे, गरजेचा. त्या पोरांना ते गाणं गायल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

डबलबेस_पुणे

आणि पन्नाशीच्या राफाएलला चैन पडतंय, हे तुला कसं कळलं? तीस वर्षांत तीन गायक गेले-आले, जुना जोडीदार वारला, आणि अल्बमचं नाव 'वेदनेची चक्रं'. आणखी काय सांगायचं त्याने?

जुनी_कॅसेट

हे मात्र लागलं.

काल रात्री परत सगळा ऐकला, हेडफोन लावून, अंधारात. मत बदललेलं नाही, गायकाच्या जागी मला अजूनही दुसराच ऐकू येतो. पण 'वीदा सेका' संपल्यावर मी ते मागे नेऊन परत लावलं. दोनदा. लेनीने गातो तो भाग मला शब्दाने कळत नाही. मांडवीताई, तुम्हाला जमलं तर तेवढ्या ओळींचा अर्थ इथे लिहाल का?

मांडवीकाठ

लिहिते. आजी असती तर एका दमात सांगितलं असतं, मला दोन शब्द कुणाला तरी विचारावे लागतील. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी भागाची बोली आहे, आमच्या घरातल्या पोर्तुगीजपेक्षा वेगळी. रविवारी चर्चहून आल्यावर बसते.