सीआर५०० ची किक हलकी करायचीय, लांब लिव्हर घेऊ की डीकॉम्प बसवू?

कोल्हापूरकर_सॅनदिएगो

नमस्कार मंडळी. मी सॅन दिएगोजवळ राहतो, गेल्या हिवाळ्यात इथे एक होंडा सीआर५००आर घेतली, मोठी टू स्ट्रोक डर्ट बाईक, १९९१ चं मॉडेल. ग्लॅमिसच्या (इथल्या वाळवंटातल्या टेकड्या) वाळूत चालवायला म्हणूनच घेतली आणि एकदा सुरू झाली की या गाडीसारखं दुसरं काही नाही, तिसऱ्या गिअरमध्ये नुसता थ्रॉटल दिला की डोंगराएवढी टेकडी चढून जाते. अडचण फक्त सुरू करण्याची आहे. माझी उंची साडेपाच फूट, वजन जेमतेम ६२ किलो, सीट इतकी उंच की उजवा पाय किकवर ठेवला की डावा जमिनीला नीट टेकत नाही. सकाळी थंड असताना होते कशीबशी, पण वाळूत मधेच बंद पडली की मग दमछाक. उलटी किक पण बसलीय, जाड बूट होते म्हणून घोटा वाचला.

किकची गाडी मला नवीन नाही, बाबांची येझदी होती आणि नंतर माझी आरएक्स१००, पण हे प्रकरणच वेगळं आहे. तर प्रश्न असे की लांब किक लिव्हर घेतला तर फरक पडेल का, बुलेटला असतो तसा डीकॉम्प (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारा वॉल्व) याला बसतो का, आणि काही जण हेडचा आतला घुमट (डोम) कापून कॉम्प्रेशन कमी करायला सांगतात ते करावं का. इथले मित्र म्हणतात बटण स्टार्टची केटीएम ३०० घे, पण मला हीच चालवायचीय.

केएक्स_ब्रिस्बेन

दादा अभिनंदन आधी, आणि गाडी अजिबात विकू नकोस. माझ्याकडे कावासाकीची केएक्स५०० आहे, उंची तुझ्यापेक्षा फार जास्त नाही, आणि धडधाकट असलेली ५०० पहिल्या दुसऱ्या किकला लागते हे मी खात्रीनं सांगतो. त्यामुळे पार्ट मागवायच्या आधी पद्धत बघ.

थंड गाडीला पेट्रोल चालू कर, चोक ओढ, आणि गाडी डावीकडे चांगली कलती धर, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडायला लागले की सरळ कर. आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थ्रॉटल पूर्ण बंद ठेवायचा, आरएक्सवर आपण थोडा पीळ देऊन किक मारतो ती सवय इथे नडते, कारण या केहिन कार्बचा चोक स्लाइड (थ्रॉटलनं वरखाली होणारा पडदा) खाली असतानाच्या खेचीवर चालतो, थ्रॉटल उघडला की ती खेच गेली आणि चोकचं पेट्रोल आत जातच नाही. किक मारायच्या आधी थ्रॉटल पंप करण्यालाही अर्थ नाही, या कार्बला एक्सलरेटर पंप नसतो.

मग किक हळू दाबत जा, घट्ट लागेल तिथे पिस्टन वर आलाय. तिथून अजून थोडंसं दाबून पिस्टन टोकाच्या किंचित पलीकडे ने, किक परत वर येऊ दे, आणि आता मार. असं केल्यानं पुढचं कॉम्प्रेशन यायच्या आत क्रँकला जवळजवळ पूर्ण फेरा मिळतो वेग घ्यायला. तुझ्या गाडीला ४९१ सीसीचा एकच पिस्टन आहे, बोअर ८९ मिमी, तो ताकदीनं ढकलून जात नाही, वेगानं जातो. आणि किक खालपर्यंत न्यायची, अर्ध्यात पाय काढायचा नाही. उलटी किक बहुतेक वेळा अर्धवट मारलेल्या किकलाच बसते, क्रँक हळू फिरत असतो, पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी पडते आणि स्फोट त्याला आल्या वाटेनं परत ढकलतो. गुडघा ताठ ठेवू नकोस आणि चपला स्नीकर्स घालून या गाडीला पाय लावूच नकोस, अगदी गॅरेजमध्ये सुद्धा.

उंचीसाठी सोपा उपाय, डाव्या पायाखाली काहीतरी घे. मी घरी लाकडी ठोकळा वापरतो, बाहेर दगड नाहीतर चढाची बाजू शोधतो. वाळूत गाडी थांबवायचीच झाली तर टेकडीच्या माथ्याजवळ, तोंड उताराकडे करून थांबव, मग किक नाही लागली तरी गिअरमध्ये टाकून सोडता येते.

पेठेतलं_गॅरेज

वरच्या पोस्टशी सहमत, पण पद्धत बरोबर असून पण गाडी त्रास देत असेल तर ती आजारी आहे असं समजा. मी पुण्यात आरडी, येझदी, आरएक्स यांचीच कामं करतो, एवढी मोठी सिंगल इथे क्वचित बघायला मिळते, पण टू स्ट्रोकचं तत्त्व सगळीकडे तेच.

आधी स्वस्तातलं बघा. नवीन प्लग, कंपनीनं सांगितलेल्या हीट रेंजचाच, गॅप ०.५ ते ०.७ मिमीच्या दरम्यान. कॉइलची अर्थ जिथे चेसिसला लागते तिथला रंग गंज घासून काढा. किल स्विचची वायर सुटी करून एकदा किक मारून बघा, जुन्या गाडीत स्विच आतून अर्थ होतो आणि ठिणगी अर्धी होते, मग लोक कार्ब खोलत बसतात. पेट्रोल किती दिवसांचं आहे? इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं, महिनाभर उभ्या गाडीच्या कार्बमध्ये जे उरतं त्यावर ती सुरू होत नाही, म्हणून ठेवताना नेहमी कॉक बंद करून कार्ब रिकामं होईपर्यंत चालवा.

मग रीड, म्हणजे मिक्सचर क्रँककेसमध्ये फक्त आत जाऊ देणाऱ्या पाकळ्या. रीडब्लॉक काढून उजेडासमोर धरा, पाकळ्या टोकाला तुटलेल्या किंवा उघड्या राहिलेल्या दिसल्या तर बदला. किकच्या वेगाला क्रँककेसमधला दाब मुळात कमी, तो पण रीडमधून परत गेला तर वर मिक्सचर चढणार कुठून. चालू गाडीत हे कळत नाही, वेग असला की सगळं झाकलं जातं. क्रँकचे सील पण तसेच. मॅग्नेटच्या बाजूचा गेला की हवा ओढते, गाडी लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन धरायची भीती. क्लचच्या बाजूचा गेला की गिअर ऑइल ओढते आणि पांढरा धूर. ३०-३५ वर्षं जुन्या इंजिनचे सील कधी बदलले ते कळलं नाही तर बदललेले नाहीत असंच धरून चाला.

आणि उलटी किक बसतेय म्हणता तर टायमिंग बघाच. स्टेटर प्लेटवर खूण असते, आधीच्या मालकानं ती ॲडव्हान्सकडे सरकवलेली असू शकते. मॅग्नेटची चावी थोडी कातरली असेल तरी टायमिंग पळतं.

हेड कापण्याबद्दल माझं मत, सगळं तपासून झाल्याशिवाय हात लावू नका. कुणी आधीच हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर डोम मूळ मापाला आणणं बरोबर, ते जाणकाराकडूनच करून घ्यायचं कारण स्क्विश (पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेला आणि हेडमध्ये उरणारी बारीक फट) बिघडली की गाडी खडखडते. जाड पॅकिंग टाकून कॉम्प्रेशन कमी करू नका, बेसला टाकलं तर पोर्टचं टायमिंगच बदलतं.

मोहावी_रायडर

डीकॉम्पबद्दल मी बोलतो कारण माझ्या सीआरला बसवलाय, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसरा मार्ग नव्हता. चेनसॉ ला येतो तोच वॉल्व, १० मिमीच्या बारीक आट्यांचा, स्वस्त असतो. किकच्या आधी बटण दाबायचं, इंजिन फायर झालं की दाबानं वॉल्व आपोआप बंद होतो.

पण बुलेटच्या लिव्हरसारखा विचार करू नकोस. बुलेट फोर स्ट्रोक, दोन फेऱ्यांत एकदा कॉम्प्रेशन, तिथे डीकॉम्प फक्त पिस्टन टोकाच्या पलीकडे न्यायला वापरतात आणि मग सोडून किक मारतात. टू स्ट्रोकला प्रत्येक फेरीला कॉम्प्रेशन, त्यामुळे इथे वॉल्व अख्ख्या किकभर उघडा असावा लागतो. थोडं कॉम्प्रेशन राहतंच, तेवढ्यावर गाडी फायर होते.

काम मात्र हेडचं आहे आणि हेडमधून पाणी फिरतं. भोक वॉटर जॅकेटमधून जातं, म्हणून आधी वेल्डिंगनं तिथे भर टाकावी लागते आणि मग आटे, नाहीतर सरळ सोय असलेलं आफ्टरमार्केट हेड घ्यायचं. वॉल्वचं टोक चेंबरमध्ये पुढे आलेलं चालत नाही. कार्बन धरतो, काढून साफ करावा लागतो, गळायला लागला तर गरम गॅस बाहेर फेकतो. एक्झॉस्ट पोर्टच्या वर बारीक भोक पाडायची जुनी युक्ती पण आहे, मी सिलिंडरला तसं कधीच करू देणार नाही, हेड परत मिळतं, चांगला सिलिंडर आता शोधावा लागतो.

लांब लिव्हरचं उलट आहे, जोर कमी लागतो पण पाय तेवढाच जास्त फिरवावा लागतो, आणि सुरुवातीला लिव्हर अजून वर असतो. तुझ्या उंचीला ते नडेल. त्याऐवजी आहे तोच लिव्हर स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातांवर) एक दात मागे घेऊन बघ, कुठे घासत नाही ना ते बघून, आणि बोल्टला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लाव कारण सैल लिव्हर शाफ्टचे दात खातो.

कोल्हापूरकर_सॅनदिएगो

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी इथे दुकानात पण समजावलं नव्हतं. शनिवारी बसलो गाडीजवळ. प्लग बदलला, रीड ठीक दिसले, स्टेटरची खूण बरोबर जुळलेली आहे. थ्रॉटल बंद ठेवून आणि ठोकळ्यावर उभं राहून थंड गाडी फारच सोपी झाली. गरम असताना बंद पडली की अजून त्रास देते. कार्बचा एअर स्क्रू मोजला तर साडेतीन फेरे बाहेर होता, आधीचा मालक बिग बेअरला डोंगरात चालवायचा. याचा संबंध असेल का?

पेठेतलं_गॅरेज

नक्कीच असेल. डोंगरात हवा विरळ, गाडी रिच होते (पेट्रोल जास्त, हवा कमी), म्हणून त्यांनी स्क्रू बाहेर काढून लीन केली असणार. पण त्या जागेवरून लगेच पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा बारीक जेट) ठरवू नका. इंजिन नीट गरम करा, स्क्रू दीड फेऱ्यावर आणा, मग पाव पाव फेरा फिरवत जिथे आयडल सगळ्यात वर जातं आणि थ्रॉटलला लगेच उत्तर देते ती जागा शोधा. ती एक ते अडीच फेऱ्यांत आली तर जेट बरोबर आहे. अडीचच्या पुढे आली तर पायलट मोठा आहे, एक नंबर लहान टाका. एकाच्या आत आली तर एक नंबर मोठा. आणि साडेतीनवर ठेवू नका, स्प्रिंगचा ताण जातो आणि स्क्रू चालत्या गाडीतून पडतो.

केएक्स_ब्रिस्बेन

आणि गाडी पडल्यावर किंवा गरम असताना ओव्हरफ्लो झाली असेल तर चोकला हात लावू नको. पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारपाच लांब किक मार म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर जाईल, मध्येच लागली तर थ्रॉटल लगेच सोडायची तयारी ठेव. मग पेट्रोल चालू, थ्रॉटल बंद, पिस्टन टोकाच्या पलीकडे आणून नेहमीसारखी एक. क्लच दाबून पण बघ, सीआरला प्रायमरी किक आहे, क्लच दाबला की गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि त्यातलं घट्ट ऑइल पायावर येत नाही.

कोल्हापूरकर_सॅनदिएगो

स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर बसला, म्हणजे जेट आहे तोच ठेवतो. गरम असताना आता दुसऱ्या किकला लागतेय, क्लच दाबून तर स्पष्ट हलकी वाटते. डीकॉम्प सध्या नको. क्रँकचे सील मात्र उन्हाळ्यात इंजिन उतरवून बदलतोच, ग्लॅमिसचा सीझन ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाही, तोवर वेळ आहे. मोहावीभाऊ, सील बदलताना क्रँकचं बेअरिंग पण लगेच टाकावं का?

मोहावी_रायडर

हो, केस उघडलीच आहे तर टाक. कॉनरॉडचा वरखाली प्ले पण तेव्हाच तपास, जरा जरी वरखाली हलला तर क्रँक रीबिल्डला दे. बाजूला थोडा हलतो तो चालतो.