आलं अंगावर, ढकललं कार्बनवर?

शंकासूर

परवा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं. शेजारच्या बिल्डरने नाला बुजवून वर पार्किंग केलंय, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी मीटिंगमध्ये चेअरमनसाहेब म्हणाले, "काय करणार, क्लायमेट चेंज!" आणि वीसेक शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या. त्या माना बघून हा धागा काढतोय.

माझा या प्रकरणावरचा विश्वास उडत चाललाय. जगबुडीची भाकितं करणाऱ्यांचा हिशेब कुणी ठेवतच नाही. १९६८ साली पॉल अर्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने सांगितलं होतं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरणार, आणि भारताची तर त्याने आशाच सोडली होती. झालं काय? आपण गहू-तांदूळ निर्यात करायला लागलो. १९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने त्याच्याशी पैज लावली : तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू तू म्हणतोस तसे टंचाईने महागतात का, दहा वर्षांनी बघू. महागाई वजा करून १९९० मध्ये पाचही स्वस्त निघाले. अर्लिकने मुकाट ५७६ डॉलरचा चेक पाठवला.

आता आपल्या दारातलं. आयपीसीसी, म्हणजे राष्ट्रसंघाची हवामानबदलावरची समिती. तिच्या २००७ च्या अहवालात छापलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. त्याच वर्षी समितीला शांततेचं नोबेल! २००९ मध्ये आपल्या भूगर्भशास्त्र खात्यातले निवृत्त हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी याला छेद देणारा अहवाल लिहिला, तेव्हा समितीचे अध्यक्ष पचौरी त्याला जादूटोण्याचं विज्ञान म्हणाले. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, समितीलाच चूक कबूल करावी लागली. २०३५ आता हाकेच्या अंतरावर आहे. गंगोत्री जागेवर आहे.

दुष्काळ म्हणाल तर चौदाव्या शतकाअखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ कुठल्या कोळशाने पडला होता? १६३० चा? १८७६ चा? आणि २६ जुलै २००५ चं उदाहरण देणाऱ्यांना एक सांगतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरात! मिठी नदीत भराव कुणी घातले, ते आधी बोला.

मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्या. "नासा म्हणतं" एवढं पुरणार नाही. नासाच्या उपग्रहांवरून २०१९ मध्ये हेही निघालं की पृथ्वी वीस वर्षांत जास्त हिरवी झाली आणि त्यात चीन-भारत आघाडीवर आहेत.

चहाबिस्किट

आधण ठेवलंय. पन्नास प्रतिसाद झाले की येतो.

सुमेधा_क

शंकासूर, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणूनच आज ही वेळ आली आहे. पुढच्या पिढीला काय तोंड दाखवणार? सगळे शास्त्रज्ञ मूर्ख आणि तुम्ही तेवढे शहाणे! अशा धाग्यांवर खरं तर बंदीच हवी.

शंकासूर

ताई, यात मुद्दा कुठला होता? दिसला नाही म्हणून विचारतो.

जुनं_ते_सोनं

शंकासूरराव, जोरदार सहमत. हे वादळ-वादळ करतात ना, ६ जून १८८२ ला मुंबईवर चक्रीवादळ आलं होतं, एक लाख माणसं मेली. तेव्हा कुठे होत्या मोटारी?

मिलीमीटर

@जुनं_ते_सोनं : काका, ते वादळ आलंच नव्हतं. आकडा कित्येक याद्यांमध्ये फिरतोय, पण त्या काळच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याचा मागमूस नाही. लाखभर माणसं मेली आणि छापखान्यांना पत्ता लागला नाही, हे कसं होईल? शंकाच घ्यायची तर आपल्या सोयीच्या आकड्यावरही घ्यावी.

शंकासूर, तुमचा धागा आवडला, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. अडचण त्या एकत्र बांधण्यात आहे.

२०३५ ची चूक लाजिरवाणी होती, दुमत नाही. मूळ अंदाज २३५० चा असावा आणि आकड्यांची उलटापालट झाली, असं मानतात. पण पकडली कुणी? हिमनद्यांवर काम करणाऱ्यांनीच. बरं, त्यानंतर काय मोजलं गेलं, तेही सांगा की. शीतयुद्धात अमेरिकेने हेरगिरीसाठी काढलेले उपग्रहांचे फोटो नंतर खुले झाले. ते वापरून २०१९ मध्ये हिमालयातल्या साडेसहाशे हिमनद्यांचा हिशेब झाला. १९७५ ते २००० मध्ये बर्फ जितक्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने २००० नंतर घटतोय. म्हणजे २०३५ खोटं आणि वितळणं खरं. ज्योतिषाने लग्नाची तारीख चुकवली म्हणून नवरी पळाली असं होत नाही.

अर्लिक हा फुलपाखरांचा अभ्यासक. लोकसंख्या आणि धातूंचे भाव यावर तो चुकला. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे त्याच्या भरवशावर उभं नाहीच. टिंडल या शास्त्रज्ञाने ते १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं, अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हाताने आकडेमोड केली. तेव्हा ना कुठली परिषद होती, ना अनुदान. आणि त्या पैजेत दशकही महत्त्वाचं होतं बरं का. २००० ते २०१० धरली असती तर एकट्या तांब्याचाच भाव चौपटीच्या आसपास गेला होता.

"सूर्यच तापतोय" असं अजून कुणी म्हटलेलं नाही, पण येईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सूर्य तापला तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं. कार्बनचं पांघरूण असेल तर खाली ऊब आणि वरचा थर, स्थितांबर, थंड. हे मनाबे या हवामानशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये गणिताने मांडलं होतं, नंतर मोजमापांत तसंच निघालं. २०२१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेही पदार्थविज्ञानाचं, शांततेचं नव्हे.

जुनं_ते_सोनं

वादळाचं माहीत नव्हतं. पण सत्तरच्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते, मी स्वतः वाचलंय.

मिलीमीटर

मासिकांत वाचलं असणार. १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध तिघा अभ्यासकांनी नंतर मोजले. थंडी वाढेल म्हणणारे ७, उष्णता वाढेल म्हणणारे ४४. मासिकं मात्र त्या सातांवर खपली.

पलीकडचा_नंदू

इथे सिएटलला आम्ही कागदी स्ट्रॉ वापरतो, कचरा तीन डब्यांत टाकतो. भारतात आलो की बघवत नाही. आपल्या लोकांमध्ये अवेअरनेसच नाही.

शंकासूर

नंदूशेठ, तुमच्या देशात माणशी वर्षाला चौदाएक टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आमच्याकडे दोनच्या आसपास. स्ट्रॉ कशाचीही असू द्या. माझ्या संशयाचं एक मूळ हेच आहे : ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली, ते आता आम्हाला पंखा कमी लावायला सांगतात.

मिलीमीटर

यावर मी तुमच्या बाजूने. पण हा न्यायाचा प्रश्न झाला. सावकार लबाड आहे म्हणून कर्ज खोटं ठरत नाही.

आगरवाला_केळशी

मी मोठा अभ्यासक नाही. आंबा आणि पोफळी, एवढंच माझं. दोन्ही पार्ट्यांना थोडं थोडं सुनावतो.

मोहोराला डिसेंबरात थंडी लागते. ती आली तर आली. आली आणि मग जानेवारीत पुन्हा कडक पडली की पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी फळं धरलेली असताना त्याच फांदीवर पुनर्मोहर येतो आणि झाड खालची कैरी टाकून देतं. माझ्या वडिलांच्या तोंडी पुनर्मोहर हा शब्द क्वचित यायचा, माझ्या दर दोन वर्षांनी येतो. त्यात मार्चमध्ये आभाळ आलं की तुडतुडे आणि फुलकिडे. फवारण्या मोजायच्या मी सोडून दिल्या, कारण बेरीज केली की झोप लागत नाही.

पण शंकासूरही अगदीच चूक नाहीत. आमच्यातच काहीजणांनी लवकर फळ बाजारात नेऊन चढा भाव घ्यायला वर्षानुवर्षं पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन, ओतलं. झाडं शिणली. करार पद्धतीने बाग घेणाऱ्याला झाड मेलं तरी काय? त्यानंतर उत्पन्न घटलं तेही "हवामानामुळे" म्हणून पंचनाम्यात लिहिलं जातं. तलाठ्यालाही तेच सोपं.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. दुपारनंतर आगरात गेलो तर वर आभाळ दिसत होतं. आमच्या आगरात जमिनीवरून आभाळ कधी दिसलेलं नव्हतं. पोफळी अशा झोपल्या होत्या की कुणीतरी कंगवा फिरवलाय. वर्षभर होतंय तोवर मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याने गेलं. आजोबांनी जन्मात जेवढी वादळं पाहिली नाहीत तेवढी मी बारा महिन्यांत पाहिली. याला पुरावा म्हणतात की नाही, ते तुम्ही ठरवा.

चहाबिस्किट

चहा राहिला बाजूला. केळशीकर, पोफळी पुन्हा लावल्या का?

आगरवाला_केळशी

लावल्या. धरायला वर्षं लागतात. मधल्या जागेत केळी आणि जायफळ.

मिलीमीटर

केळशीकर, दोन वादळं म्हणजे पुरावा नव्हे, प्रामाणिकपणे सांगतो. पण अरबी समुद्र तापलाय हे मोजलेलं आहे. पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने तापला. वादळाला इंधन तिथूनच मिळतं.

शंकासूर यांचा कुलाबा-सांताक्रूझ मुद्दा राहिला होता. एका दिवसावरून हवामान ठरत नाही, मान्य. म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी घेऊन बसलेत लोक. २००६ मध्ये गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पाऊस कमी झाला, म्हणून एकूण बेरीज सारखीच दिसते. वर्षाची सरासरी बघून "काही बदललं नाही" म्हणणारे इथेच फसतात. २०१७ मध्ये तिथल्याच रॉक्सी कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या : मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणारे पाऊस तिपटीने वाढले. सोयाबीनला विचारा, वीस दिवस ओढ आणि मग एका रात्रीत शंभर मिलिमीटर म्हणजे काय ते.

आणि हवामान खातं तर सरकारी, सावकाश, परदेशी पैशांवर नाचणारं नाही ना? त्यांनी २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. मुंबईतून पाऊस माघारी जायचा दिवस २९ सप्टेंबर होता, तो ८ ऑक्टोबर केला.

हिरवाईचंही वाचा नीट. भारतातली वाढलेली हिरवाई ८२ टक्के शेतातली आहे, जंगल ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुसरं-तिसरं पीक. ते पाणी बोअरचं.

सुमेधा_क

मघाशी रागात लिहिलं. पण बंदी हवी हे मागे घेते. मिलीमीटर यांचे प्रतिसाद माझ्याकडून लिहून झाले नसते.

शंकासूर

बोअरचं पाणी म्हणालात, आता आलात माझ्या अंगणात. मी मूळचा लातूरकडचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा टीव्हीवर सगळे आभाळाकडे बोट दाखवत होते. आमची म्हातारी माणसं म्हणतात, बहात्तरला खायला दाणा नव्हता पण आडाला पाणी होतं. मग मधल्या काळात आड कुणी आटवला? त्याच जिल्ह्यात त्याच वर्षापर्यंत ऊस उभा होता, साखर कारखाने उभे होते, आठशे फुटांच्या खाली बोअर चालले होते. कार्बनने येऊन मोटार चालू केली नाही. मी चिडतो ते यावर. हवामानबदल हा शब्द असा आहे की त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही. बिल्डर सुटतो, पुढारी सुटतो, उसाचा बागायतदार सुटतो. मग मला वाटायला लागतं, शब्दच खोटा असेल.

स्थितांबराचं मला खरंच माहीत नव्हतं. वाचतो. पण भारत १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशच तापला, जगापेक्षा कमी. हे का कुणी सांगत नाही?

मिलीमीटर

त्याच मंत्रालयाच्या अहवालात आहे, सांगतात की. आपल्यावर धूर आणि धुळीचं छत आहे, ते ऊन अडवतं. वर कालव्याच्या, बोअरच्या पाण्यानेही हवा थोडी थंड राहते. म्हणजे हवा स्वच्छ केली तर ताप वाढेल, अशी आपली कोंडी.

लातूरबद्दल तुमच्याशी वाद नाही. तुमचा राग खरा आहे, फक्त चुकीच्या पत्त्यावर पोचलाय. आता सायमनसारखं करू. पैज. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांचं जगाचं सरासरी तापमान आणि २०२६ ते २०३५ चं. वाढलं तर तुम्ही मला हापूसची पाच डझनांची पेटी, घटलं तर मी तुम्हाला. दोन रशियन सूर्य-अभ्यासकांनी एका ब्रिटिश शास्त्रज्ञाशी अशीच दहा हजार डॉलरची लावली होती, १९९८ ते २००३ विरुद्ध २०१२ ते २०१७. ते थंडीच्या बाजूने होते. हरले.

शंकासूर

ही पैज कोण घेईल? वाढणारच ना ते.

मिलीमीटर

😀 मग धागा कशाला काढलात?

शंकासूर

नाल्यासाठी. उलटी पैज लावा : पुढच्या जूनच्या आत आमचा नाला उघडला, तर पेटी माझ्याकडून.

मिलीमीटर

ही मी घेणार नाही. आंबा मला परवडतो, पण असा फुकट घालवायचा नाही.

आगरवाला_केळशी

पेटी २०३६ ची असेल तर नोंद करून ठेवतो. भाव तेव्हाचा लागेल. निम्मे पैसे आत्ता.