ट्रान्सपोर्टच्या गोदामातला माल घेणेकऱ्याने उचलावा का?

काळी माती (वर्धा जिल्हा):
आमच्याकडच्या एका शेतकरी गटाने तुरीचे कट्टे व्यापाऱ्याला उधारीवर विकले, बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती) त्याच्या नावाची. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात असतानाच व्यापाऱ्याचा एक घेणेकरी कोर्टाचा कागद अन् चार पोरं घेऊन आला. कट्टे टेम्पोत चढायला लागले, शेवटी हमालांनीच अडवलं. कागद वाचला तर त्यात ‘माल देऊ नये’ एवढंच होतं, ‘उचला’ कुठेच नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६ प्रमाणे कर्जदाराचा माल दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर जप्ती अशी मनाई हुकमानेच होते. माझ्या मते हेच योग्य. वाहतूकदाराच्या दारात धाकदपटशा नको.

कृषी केंद्रवाला:
बोलाले सोपं आहे भाऊ. मी हंगामभर खत-बियाणं उधार देतो. व्यापारी फोन उचलत नाही अन् रातोरात माल ट्रान्सपोर्टात टाकून मोकळा होते. हुकूम निघेपर्यंत गाडी हैदराबादले! निकालाआधी जप्ती मिळते, आदेश ३८ नियम ५, पण त्यासाठी तो माल लांबवते हे कोर्टाले पटवा. तोवर आम्ही काय टाळ कुटाचे?

संत्रा-मोसंबी (वरूड):
आधी हे सांगा, गटाला पैसे मिळाले का? नाही ना? मग माल विक्री कायदा १९३०, कलम ५० ते ५२ बघा. खरेदीदार दिवाळखोर असेल तर पैसे न मिळालेला विक्रेता वाटेतला माल थांबवू शकतो. त्यासाठी कोर्टाने दिवाळं जाहीर करायची गरज नाही. नेहमीच्या व्यवहारातली देणी त्याने थांबवली तरी पुरे. व्यापाऱ्याने कट्टे सोडवले नसतील तर ट्रान्सपोर्टला आजच नोटीस द्या. मात्र ती बिल्टी कोणी पैसे मोजून, प्रामाणिकपणे पुढे घेतली असेल तर विसरा.

कृषी केंद्रवाला:
म्हणजे उधारीवर विकणाऱ्याचं घेणं घेणं, अन् माझं काय? त्याच कायद्याचं कलम २३ सुद्धा वाचा. अट न ठेवता माल वाहतूकदाराच्या हाती दिला की मालकी खरेदीदाराची. तूर व्यापाऱ्याची झाली!

संत्रा-मोसंबी (वरूड):
झाली ना. थांबवायचा हक्क मालकी गेल्यावरचाच आहे. तुमची जप्ती व्यापाऱ्याच्या हक्कापुरतीच, त्याहून जास्त तुम्हाला कुठून मिळणार?

गाडीमालक:
तुमच्या भांडणात आमचं भाडं कोणी विचारते का? मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात कलम १५ आहे. माल घेताना भाडं दिलं नाही तर आम्ही तो अडवू शकतो, विकूही शकतो. मागच्या फेरीची थकबाकी मात्र या मालावर वसूल होत नाही. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये जुन्या बाकीसाठी माल अडवायचा हक्क बँका, वकील वगैरेंना आहे. आमचं नाव नाही, करारात लिहून घेतलं तरच. आणि २००७ च्याच कायद्याच्या कलम १७ नुसार कायदेशीर जप्तीत माल गेला तर आमच्यावर जबाबदारी येत नाही. चार पोरांनी नेला असता तर? भरपाई आमच्याच बोकांडी. त्या हमालांना चहा पाजा आधी.

काळी माती (वर्धा जिल्हा):
पाजला. नोटीसही दिली काल. भाडं गटाने भरायचं की व्यापाऱ्याकडून काढायचं, यावर बैठक अडली आहे.

गाडीमालक:
अडू द्या. गोदामाचं भाडं रोज चढते म्हणा त्यांना.