द्रव-आहारानंतर पुन्हा भात-हुमणाकडे वळताना वजन कसे टिकवावे? सल्ला हवा आहे

फोंड्याची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६ आहे आणि गेली काही वर्षे मला टाईप टू मधुमेह आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी सुमारे तीन महिने पूर्णपणे द्रव-आहारावर आहे. दिवसातून चार वेळा पाण्यात कालवलेली पावडर, म्हणजे सगळे मिळून ८०० ते ८५० कॅलरी, आणि त्याखेरीज फक्त पाणी, बिनसाखरेचा काळा चहा व कधी संध्याकाळी पातळ सार. वजन ८४ किलोवरून ७१ किलोवर आले असून उपाशीपोटीची साखर आटोक्यात आहे. आता हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे वळा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

आहारतज्ज्ञांची भेट व्हायला अजून अवकाश आहे. तोवर हाती दिलेल्या छापील कागदावर ओट्स, टोस्ट, भाजलेले चिकन आणि सॅलड असे लिहिलेले आहे. आमच्या घरी मात्र दोन्ही वेळा उकड्या तांदळाचा भात, हुमण (नारळाच्या वाटणाची मासळीची आमटी), रवा लावून तळलेली मासळीची कापे आणि सकाळ-संध्याकाळ पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव असतात. स्वयंपाक सासूबाई करतात आणि त्या प्रेमाने वाढतात, त्यामुळे माझ्यासाठी वेगळे काही रांधायला सांगणे मला जड जाते. कोणते जेवण आधी सुरू करावे, भात किती घ्यावा, आणि वजनकाटा वर सरकू लागला तर कितीपर्यंत घाबरू नये, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पर्वरीकर

ताई, अभिनंदन. मीही याच मार्गाने गेलो आहे आणि उतरलेले वजन बऱ्यापैकी टिकून आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की जेवणाकडे परतण्याचे आठवडे हा उपचाराचाच एक टप्पा आहे, उपचार संपल्यानंतरची सुटी नव्हे. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांना तीन ते पाच महिने तुमच्यासारखाच साधारण ८५० कॅलरींचा द्रव-आहार दिला होता आणि त्यानंतर दोन ते आठ आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने अन्न परत आणले होते. एका वर्षानंतर त्यांतील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. ज्यांचे उतरलेले वजन टिकले, त्यांचाच मधुमेह प्रामुख्याने दूर राहिला. तेव्हा तीन महिन्यांच्या कष्टांचे फळ पुढच्या दोन महिन्यांच्या शिस्तीवर किती अवलंबून आहे, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

क्रम असा ठेवा. चार पावडरींपैकी एकच काढा आणि तिच्या जागी सुमारे ४०० कॅलरींचे एक जेवण आणा. बाकीच्या पावडरी तशाच चालू ठेवा. दोन-तीन आठवडे साखर आणि वजन स्थिर दिसले की दुसरे जेवण, आणि न्याहारी सर्वांत शेवटी. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेतून दुपारी घरी येत असाल, तर दुपारचे जेवण आधी सुरू करणे सोयीचे पडेल. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजता येते आणि पोट जड झाले तर रात्रीपर्यंत वेळही मिळतो.

ताटाचा नमुना देतो. एक मध्यम बांगडा किंवा मूठभर सोललेली सुंगटे (कोळंबी), वाटीभर तांबडी भाजी (लाल माठ), अर्धी वाटी भात आणि पळीभर हुमण. आधी मासळी आणि भाजी खा, भात शेवटी घ्या. प्रथिनांनी पोट लवकर भरते आणि वजन उतरताना झिजलेले स्नायू भरून येण्यासही त्यांची गरज असते. मासळी नसेल त्या दिवशी दोन अंडी, पनीर किंवा मुगाची घट्ट उसळ चालेल. अळसांद्यांचे तोणाक (चवळीची रस्सा-उसळ) मात्र पहिल्या पंधरवड्यात थोडेच घ्या, कारण तीन महिने जवळजवळ चोथ्याविना राहिलेल्या आतड्यांना कडधान्य एकदम दिले तर वायू धरतो.

वजनकाट्याविषयी. भात सुरू होताच पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढलेले दिसेल. ही चरबी नव्हे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा पुन्हा भरतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात राहते. शिवाय आतड्यांत आता खरे अन्न असते, त्याचेही वजन असतेच. या वाढीला घाबरून अनेक जण पुन्हा उपाशी राहतात, मग भुकेने कासावीस होऊन भरमसाट खातात, आणि घसरण तिथूनच सुरू होते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांनंतरचे स्थिर वजन हेच आपले खरे वजन धरा.

मडगावची वाचक

वर दिलेल्या क्रमाशी मी सहमत आहे, पण भाताविषयी माझे मत वेगळे आहे. निदान वर्षभर भाताला हातच लावू नये, असे मला वाटते. अर्धी वाटी म्हणत म्हणत ती कधी भरते ते कळत नाही, आणि गोव्याच्या घरात हुमणासमोर भात आवरणे फार अवघड असते. माझ्या यजमानांनी भात पूर्ण सोडून नाचणीची भाकरी धरली आणि त्यांना ते सोपे गेले, कारण दर जेवणाला मनाशी वाद घालावा लागला नाही.

पर्वरीकर

ज्यांना पूर्ण वर्ज्य करणे सोपे जाते त्यांनी जरूर तसे करावे. परंतु ताईंच्या घरी दोन्ही वेळा भात शिजतो आणि त्या पुढची अनेक वर्षे त्याच घरात जेवणार आहेत, तेव्हा भात मोजून खाण्याची सवय त्यांनी आत्ताच, डॉक्टरांची नजर असताना, लावून घ्यावी असे मला वाटते. उकडा तांदूळ सामान्यतः साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा साखर जरा संथ वाढवतो, पण त्याच्याही शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात १३० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणून ‘उकडा आहे, चालेल’ हा समज सोडावा. नाचणीचेही तसेच आहे, तीही शेवटी धान्यच आहे.

वादाचा निवाडा ग्लुकोमीटरवर सोडा. एके दिवशी अर्धी वाटी भात घेऊन आणि दुसऱ्या दिवशी तेच ताट ठेवून पाऊण वाटी घेऊन, जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या वर जात असेल, तर तेवढा भात तुमच्या शरीराला अजून झेपत नाही. एक वाटी ठरवून ठेवा, ती नेहमी तीच असू द्या आणि भात पातेल्यातून थेट ताटात न वाढता त्या वाटीनेच वाढू द्या.

निवृत्त परिचारिका, म्हापसा

औषधांचा विषय राहून गेला आहे, तो महत्त्वाचा आहे. द्रव-आहार सुरू करताना डॉक्टर बहुधा मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कमी करतात किंवा थांबवतात, नाहीतर साखर किंवा दाब धोकादायकपणे खाली जाऊ शकतो. आता अन्न वाढेल तसे दोन्ही आकडे वर येऊ शकतात. घरात उरलेली जुनी पाकिटे काढून स्वतःच गोळ्या सुरू करू नका. विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. रोजचे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन भेटीला जा.

झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. पहिल्या तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे किंवा खांद्याकडे जात असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर पित्त झाले म्हणून सोडा पिऊन झोपू नका, दवाखान्यात जा.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. ताईंच्या पावडरीत जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले असतात. जे कोणी कुणालाही न विचारता नुसत्या पाण्यावर किंवा फळांच्या रसावर बरेच दिवस राहिले आहेत, त्यांनी एकदम भरपेट जेवू नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली जाऊन हृदयाला धोका होऊ शकतो. त्यांनी आधी जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) रक्ततपासणी करून घ्यावी आणि मगच अन्न वाढवावे.

डिचोलीची गृहिणी

सासूबाईंना वेगळे रांधायला सांगण्याची गरज नाही, सर्वांच्याच जेवणात थोडा बदल केला की पुरे. ओला नारळ शंभर ग्रॅम घेतला तर त्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणून हुमणात नारळ किती जातो यावर सगळे अवलंबून आहे. आमच्याकडे चार माणसांच्या हुमणाला जवळजवळ एक अख्खा नारळ जात असे. आता अर्धाच घेते आणि वाटणात एक मध्यम कांदा घालते, त्यामुळे रस दाट राहतो. आंबसोल आणि तेफळ नेहमीइतकीच घालते, म्हणून बांगड्याच्या हुमणाची चव बदललेली कुणाला जाणवली नाही. सोलकढीच्या जागी फुटी कढी करा, तिच्यात नारळ नसतोच.

कापांना रवा लावला की ती तेल पितात. मीठ, हळद, तिखट आणि आंबसोलाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवा, मग तव्यावर चमचाभर तेल सोडून केळीच्या पानात गुंडाळून दोन्ही बाजूंनी भाजा. पान करपून काळे होते आणि आत मासळी स्वतःच्याच रसात शिजते. चमचाभर तेलाच्या ४५ कॅलरी होतात, म्हणून बाटली तिरकी करून तेल ओतण्याची सवय मोडावी आणि तेलाच्या डब्यात चमचाच ठेवावा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत घरोघरी सुकी मासळी निघते. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर) प्रथिनांच्या दृष्टीने चांगली आहे, पण तिच्यात मीठ फार असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात पाणी धरून काटा वर दिसतो. सुंगटे आधी भिजवून ते पाणी टाकून द्या आणि खोबरे चिमूटभरच घाला.

पोदेराच्या बाबतीत मी इतकेच सांगेन की मोजून पाव घ्या. घरात चार माणसे पाव खाणारी असतील तर चारच घ्यावेत. कोंड्याची पोय (गव्हाच्या कोंड्याचा पाव) बरी, पण तीही न्याहारीचा टप्पा येईल तेव्हा, आणि अर्धी.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. हा धागा मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. कांद्याची युक्ती त्यांना पटली आणि भाताची वाटी त्यांनी स्वतःच निवडून बाजूला काढली. आता दोनच शंका उरल्या आहेत. चतुर्थी जवळ येत आहे. घरात नेवऱ्या, मोदक, पातोळ्या असतील आणि पाहुण्यांकडे नाही म्हणणे अशक्य होईल. आणि मला अलीकडे पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते, हे असेच राहणार का?

पर्वरीकर

भुकेविषयी आधी सांगतो, कारण तिचा दोष लोक उगाच स्वतःच्या मनोबलाला देतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवडे अतिकमी कॅलरींच्या आहारावर राहिलेल्या लोकांचे रक्त वर्षभरानंतर तपासले, तेव्हाही भूक वाढवणारी आणि कमी करणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीर गेलेले वजन परत मागत असते. म्हणजे ही भूक खरी आहे आणि ती बराच काळ राहू शकते. तिची सोय आधीच करून ठेवावी: प्रत्येक जेवणात प्रथिने, दुपारी चारच्या सुमारास ताकाचा पेला किंवा उकडलेले अंडे, आणि ठरल्या वेळी जेवण. उपाशीपोटी बाजारात जाऊ नये, भजी-पावाच्या दुकानासमोरून तर नाहीच.

वजन टिकवण्यासाठी चालणे वजन उतरवताना होते त्याहून अधिक लागते. आठवड्याला २०० ते ३०० मिनिटे, म्हणजे रोज साधारण अर्धा-पाऊण तास. पावसात बाहेर जाता आले नाही तर घरातच खुर्चीवरून उठबस करा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन दंडांचे व्यायाम करा, त्याने स्नायू टिकतात. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवले आहे. त्यांतील बहुसंख्य लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि नियमित चालतात.

चतुर्थीला पूजेच्या दिवशी नैवेद्याच्या ताटातले एक मोदक किंवा एक पातोळी जेवणातच घ्या, त्या जेवणातला भात सोडा, आणि ते आनंदाने खा. खतखते भाज्यांचे असते, पण त्यातही नारळ असतोच, म्हणून एक वाटी घ्यावी. नेवऱ्यांचे डबे हेच मोठे संकट आहे, कारण सण संपला तरी ते आठ-पंधरा दिवस घरात राहतात. पाहुण्यांना वाटण्यासाठी त्या बांधून द्या आणि डबा तुमच्या हाताशी राहणार नाही असे पाहा. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे’ हे एक वाक्य पुरते. त्यावर चर्चा करत बसू नका.

एक आकडा आत्ताच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: स्थिर वजन अधिक दोन किलो. सणानंतर सलग दोन आठवडे काटा त्याच्या वर राहिला, तर डॉक्टरांना विचारून दिवसाचे एक जेवण पुन्हा पावडरीवर न्या आणि वजन खाली येईपर्यंत तसेच ठेवा. वर सांगितलेल्या चाचणीतही दोन किलोपेक्षा जास्त वजन परत आलेल्यांना काही आठवडे पावडरीचा आधार देण्याची सोय होती. त्यासाठी पावडरीची दोन पाकिटे मुदत पाहून घरात ठेवावीत.

निवृत्त परिचारिका, म्हापसा

चतुर्थीनंतर एचबीए१सी ही साखरेची रक्ततपासणी करून घ्या. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे जेवण सुरू झाल्यापासून साखर खरोखर कशी राहिली ते तेव्हाच स्पष्ट होईल. त्याच दिवशी रक्तदाबही दाखवा आणि वजनाची वही सोबत न्या.